आतून किती भरतं?

घराचा नकाशा काढायला वेळ लागत नाही, मापं टाकायला लागतो. भिंतींच्या रेघा ऑफसेट केल्या, दारं-खिडक्यांचे तयार ब्लॉक बसवले, जिन्याच्या पायऱ्या ओढल्या की वीस बाय तीसच्या प्लॉटवरचं घर दुपारच्या चहाआधी पडद्यावर उभं राहतं. साहेब मागे येऊन बघतात आणि म्हणतात, "झालंच की मग." झालेलं काहीच नसतं. आकड्यांशिवायचा नकाशा पाहुण्यांना दाखवायला ठीक. गवंड्याच्या हातात दिला तर तो उलटसुलट करून बघेल आणि परत देईल.

मी नांदेडच्या आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलचा ट्रेड केला आणि पुढे लातूरला नोकरीला लागले. शिकताना आधी टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर, मग संगणक, असा क्रम होता. कागदावर माप टाकणं हे निम्मं हस्ताक्षराचं काम. आकडे स्टेन्सिलने काढायचे, बाणांची टोकं भरायची, बदल झाला तर ब्लेडने शाई खरवडायची. खरवडलेली जागा अमोनिया प्रिंटवर डाग होऊन उमटायची. त्यामुळे साइटवरच्या मिस्त्रीलाही कळायचं की इथं काहीतरी फिरवलेलं आहे, आणि तो विचारायचा. पडद्यावर आकडा बदलला तर मागे काही उरत नाही. या फरकाकडे मी पुन्हा येणार आहे.

ऑटोकॅड बाजारात आलं १९८२च्या डिसेंबरात. आमच्याकडच्या कार्यालयांत ते स्थिरावायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. आता नांदेड-लातूरच्या गल्लीबोळातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसातही तेच चालतं. माप टाकायची रीत सांगायला सोपी आहे. डीएलआय लिहून एंटर, भिंतीचा एक कोपरा, दुसरा कोपरा, मग माऊस बाहेर ओढून क्लिक. पहिलं माप पडलं. पुढे डीसीओ, म्हणजे मागच्या मापाच्या टोकाला पुढचं जोडत जायचं. घराच्या प्रत्येक बाजूला अशा तीन माळा लागतात. भिंतीला लागून दारं-खिडक्यांची, तिच्या बाहेर खोल्या आणि भिंतींची, आणि सगळ्यांत बाहेर अख्ख्या घराचं एकच माप. किती, ते संगणक मोजतो. कुठून कुठपर्यंत, ते सांगावं लागतं. शिकाऊ मुलं पहिल्या महिन्यात सगळी कळ त्या "किती"तच शोधतात. बाणाऐवजी तिरकी रेघ कशी येते, आकडा रेघेच्या वर कसा बसतो, डिमस्केल किती ठेवायचा. तेही लागतंच. पण माप कुठून कुठपर्यंत घ्यायचं हे ज्याला उमगलं नाही, त्याचा नकाशा कितीही देखणा असो, साइटवरून फोन येत राहतात.

घरमालकाला एकच कळ असते. समोरच्या खुर्चीवर बसून, पडद्याकडे नीट न बघताच तो विचारतो, "मॅडम, आतून किती भरतं?" बाहेरचं माप त्याला पाठ असतं, कारण ते खरेदीखतात आहे. वीस फूट. त्या वीस फुटांत दोन खोल्या शेजारी शेजारी हव्यात. दोन्ही कडेच्या भिंती नऊ-नऊ इंची, मधली साडेचार इंची. भिंतींनीच खाल्लं १ फूट साडेदहा इंच. उरलं १८ फूट दीड इंच. एक खोली दहाची धरली तर दुसरी ८ फूट दीड इंच. हे झालं विटेपासून विटेपर्यंत. त्यावर आतून अर्धा-अर्धा इंच प्लॅस्टर दोन्ही बाजूंनी, म्हणजे दहाची खोली ९ फूट ११ इंच. एवढं ऐकेपर्यंत मालकाचा चेहरा पडलेला असतो. आपल्याच जागेतून कुणीतरी काहीतरी काढून घेतलं, असं त्याला वाटतं. मालकीणबाई मात्र या बेरजा-वजाबाक्यांत पडत नाहीत. त्या विचारतात, "कॉट टाकल्यावर कपाटाचं दार उघडंल का?" माझ्या मते हा प्रश्न जास्त नेमका आहे. साडेसहा बाय पाचचा पलंग, दीड फूट खोल कपाट, कपाटाच्या दाराचा फेर आणि माणसाला उभं राहायला दोन फूट, एवढं मांडून बघितल्यावर कळतं की आठ फूट पुरतात की नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेने राहत्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर सांगितली आहे, म्हणजे आठ फुटांना जेमतेम टेकते. पलंग, कपाट आणि माणूस हीच बेरीज करून कुणीतरी तो आकडा काढला असावा.

गवंड्याचा हिशेब तिसराच. त्याला आतूनही नको आणि बाहेरूनही नको. त्याला एका खिळ्यापासून सरळ वाचता येईल असं माप हवं. आखणीच्या दिवशी तो एका कोपऱ्यात खुंटी ठोकतो, तीन-चार-पाचने काटकोन धरतो, टेपचं टोक खुंटीला अडकवतो आणि टेप एकदाच ताणून खुणा करत जातो. मागे एक पोरगं फक्कीचं टोपलं घेऊन असतं. आता नकाशात माझी माळ आहे नऊ इंच, दहा फूट, साडेचार इंच, आठ फूट दीड इंच. त्याला उन्हात उभं राहून मनातल्या मनात बेरीज करावी लागते: पाऊण फूट, पावणेअकरा, मग अकरा फूट दीड इंच. प्रत्येक खोली सुटी सुटी मोजली तर दर वेळी टेप उचलून ठेवताना पाव इंच इकडेतिकडे होतो आणि शेवटच्या खोलीवर सगळं एकदम येतं. म्हणून चांगला मिस्त्री रनिंग माप मागतो. सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे, डीबीए म्हणून, म्हणजे सगळी मापं एकाच रेषेपासून. पण ती घातली की नकाशा भरून जातो आणि मालकाला काही वाचता येत नाही. म्हणून मालकाची प्रत वेगळी आणि आखणीची वेगळी काढावी, असं माझं मत आहे. साहेबांना तो कागदाचा खर्च वाटतो.

महापालिकेला मीटर लागतात. देशात मेट्रिक मापं आली १९५६च्या कायद्याने. आमच्याकडे ती सरकारी कागदापर्यंत पोचली आणि तिथंच थांबली. सातबारावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर-गुंठे. गुंठा म्हणजे तेहतीस बाय तेहतीस, १,०८९ चौरस फूट. जुन्या इंग्रजी मोजणीच्या सहासष्ट फुटी साखळीची निम्मी ती तेहतीस. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा १०१.१७. लोक दोन्ही एकच धरतात. फरक साडेबारा चौरस फुटांचा, म्हणजे छोट्या प्लॉटवर एक संडास बसेल इतका. ज्या वस्त्या गुंठेवारीने उभ्या राहिल्या आणि २००१च्या कायद्यानंतर नियमित करून घ्यायला कागद गोळा करू लागल्या, तिथल्या मालकाला हा फरक पहिल्यांदा कळतो तो आमच्या टेबलावर.

मीटरमध्ये आणखी एक कटकट असते. दहा-दहा फुटांवर कॉलम असलेलं तीस फुटांचं घर घ्या. दहा फूट म्हणजे ३.०४८ मीटर. दोन दशांश ठेवले की ३.०५. तिघांची बेरीज ९.१५. बाहेरचं अख्खं माप तीस फूट, म्हणजे ९.१४४, म्हणून ९.१४. एक सेंटिमीटर कुठे गेला? गेला कुठेच नाही, पण तपासणारा माणूस कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला असतो आणि त्याला बेरीज जुळायला हवी. तीन दशांश दाखवले की हा प्रश्नच उरत नाही. पण घाईच्या दिवशी त्याहून सोपी वाट दिसते. मापावर डबल क्लिक करा, ९.१४ पुसा, ९.१५ लिहा.

सॉफ्टवेअर याला हरकत घेत नाही. मापाच्या मजकुराच्या जागी आतमध्ये दोन टोकदार कंसांची एक खूण असते. तिचा अर्थ, इथं जे मोजलं जाईल ते दाखव. ती खूण आहे तोवर भिंत सरकवली की आकडाही सरकतो. २००२च्या आवृत्तीपासून तर माप थेट भिंतीशीच बांधलेलं राहतं. खूण पुसून हाताने आकडा लिहिला की तो आकडा मुका झाला. भिंत कुठेही न्या, तो ९.१५च म्हणत राहणार. त्याचा रंग तोच, अक्षर तेच, बाण तेच. ट्रेसिंग पेपरवर खरवडल्याचा डाग राहायचा, इथं डाग नाही. प्लॉटच्या कडेचं अंतर दोन-चार इंचांनी कमी पडत असेल, तर तेही असंच भरून काढायला सांगणारे लोक भेटतात. गोड बोलून सांगतात. सेंटिमीटरचा आणि त्या दोन-चार इंचांचा प्रकार एकच नाही, हे मला कळतं, पण बोट त्याच जागी क्लिक करतं. म्हणून मी सेंटिमीटरसाठीसुद्धा हाताने आकडा लिहीत नाही. कुणाची फाइल माझ्याकडे आली तर आधी सगळी मापं निवडून ती खूण कुठे कुठे नाही ते बघते. यात प्रामाणिकपणाचा आव नाही. पुढे भिंत सरकवायची वेळ आली की मुके आकडे माझ्याच गळ्यात येतात.

आणि आकड्याचं वजन आम्हीच वाढवून ठेवलेलं आहे. प्रत्येक नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक टीप असते. लिहिलेलं माप ग्राह्य धरावं, नकाशावर पट्टी लावून मोजू नये. ही टीप जगभर आहे. कागद आकसतो, झेरॉक्स थोडी लहान-मोठी होते, म्हणून ती आली. म्हणजे रेघ आणि आकडा यांत भांडण झालं तर आकड्याचं खरं. आता तर कागदही गेला. नकाशा व्हॉट्सॲपवर जातो. मिस्त्री मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटांनी तो ताणतो, एका हातात थापी असते, काचेवर सिमेंटचे ठसे. तिथं स्केल वगैरे काही नाही, फक्त आकडे. सहाचा आठ दिसू नये आणि फुटाची एक शेपटी नि इंचाच्या दोन शेपट्या वेगळ्या कळाव्यात, एवढं बघावं लागतं. साडेचार इंचांचा अर्धा जर ओळीतच आडवा लिहिला तर तो एक्केचाळीस भागिले दोन वाचता येतो. कुणी वाचणार नाही म्हणता? साइटवर नवीन पोरगं असलं की वाचतं.

उभी मापं या नकाशात नसतातच, ती सेक्शनमध्ये जातात, आणि आमच्या दोन गावांचा स्वभाव तिथं दिसतो. नांदेडात नदीकडच्या वस्तीतला मालक आधी जोत्याची उंची विचारतो. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदावरी कुठवर येते, हे त्याच्या घरातल्या म्हाताऱ्यांना पायरीसकट ठाऊक असतं. पालिकेच्या नकाशावरच्या निळ्या आणि लाल पूररेषा त्याला नंतर कळतात. लातूरचा मालक हौदाची खोली विचारतो. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हापासून तर दोन खोल्यांच्या घरालाही हौद हवा असतो. आठ बाय सहा बाय पाच म्हणजे २४० घनफूट, एका घनफुटाला २८.३ लिटर, साधारण ६,८०० लिटर. हा गुणाकार मालक स्वतः करून आलेला असतो. खोल्यांचा करत नाही.

वास्तुवाले येतात ते निराळेच. एका प्रचलित रीतीने घराच्या क्षेत्रफळाला आठाने भागून बाकी बघतात. विषम उरली तर शुभ, सम उरली तर धूम, श्वान, खर असली नावं निघतात. एकदा कामाच्या मधल्या वेळेत मी किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनात बांधलेल्या घरांचे आकडे या हिशेबात घालून बघितले. २५०ची बाकी दोन, ४००ची शून्य, ७५०ची सहा. तिन्ही अशुभ. सरकारने ज्योतिषाला विचारलं नव्हतं, हे उघड आहे.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं होती. गणपती विसर्जन करून गावं नुकती झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप फार मोठा म्हणावा असा नव्हता, सहाच्या थोडा वर. देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग तोवर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. २००२मध्ये भारतीय मानक १८९३ सुधारलं तेव्हा पहिला झोनच काढून टाकला आणि हा परिसर तिसऱ्यात गेला.

या व्यवसायात पडल्यापासून मला त्या जुन्या घरांच्या मापांचं कुतूहल आहे. तिथं फूट-इंच नव्हते. घर खणांत मोजलं जायचं. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि तो किती, हे मिळालेल्या लाकडाच्या लांबीवर ठरायचं. पाच खणी सोपा म्हटलं की ऐकणाऱ्याला घर दिसायचं. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडायची आणि थर वाढत जायचा. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे १५० घनफूट, म्हणजे साधारण सात टन. भिंती दोन ते तीन फुटी, काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या. बाहेरून वीस बाय वीसचं घर घ्या, चारशे चौरस फूट. भिंत अडीच फुटी असेल तर आत उरतं पंधरा बाय पंधरा, २२५. पावणेदोनशे चौरस फुटांवर नुसता दगड. नऊ इंची भिंतीत तेच घर आतून ३४२ भरतं.

अशा घराचा नकाशा मी काढला, भिंत अडीच फूट दाखवली, आत दगडाची हॅच भरली, माप टाकलं, तर कागदावर ते किल्ल्यासारखं दिसेल. माप अगदी बरोबर असेल. पण ती भिंत एक नव्हतीच. बाहेरून घडीव दगडांची एक रांग, आतून दुसरी, आणि मध्ये लहान दगड नि माती कोंबलेली. दोन्ही रांगांना एकत्र धरणारा आरपार दगड नाही. हादरा बसला तशा त्या रांगा फुगून एकमेकींपासून सुटल्या आणि वरचं टनावारी ओझं खाली आलं. काही घरांत लाकडी खांबांचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. त्यानंतरच्या दुरुस्तीच्या कामात गवंड्यांना जे शिकवलं गेलं त्यात हा आरपार दगड आला. भूकंपाच्याच वर्षी निघालेल्या भारतीय मानक १३८२८मध्ये त्याचीही मापं आहेत. उंचीत दर ६०० मिलिमीटरला, लांबीत १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि भिंतीची जाडी ४५०च्या वर नको. म्हणजे दोन फुटांवर, चार फुटांवर, आणि दीड फुटाच्या आत. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत त्या एका आकड्याने उलटी केली. प्लॅनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. प्लॅन आडवा छेद असतो. भिंत किती जाड ते तो सांगतो, ती एक आहे की दोन ते सांगत नाही.

कॉलमच्या रिंगांचंही तेच. चौकोनी घराच्या नकाशात कोनाचं माप टाकायची वेळ सहसा येत नाही. लातूरची गंजगोलाई असती तर गोष्ट वेगळी. मध्ये गोल इमारत, भोवती सोळा रस्ते, सगळे सारख्या अंतरावर धरले तर साडेबावीस अंशांचा एकेक. पण साध्या घरात मी एक कोन हटकून टाकते, रिंगेच्या हुकाचा, १३५ अंश. बार बेंडर सवयीने नव्वदवर थांबतो. नव्वदचा हूक हादऱ्यात उघडतो आणि रिंग सळया सोडून देते. १३५चा आत काँक्रीटमध्ये वळलेला असतो. फळीवर खिळे ठोकून सळई वाकवताना त्याला पंचेचाळीस अंश आणखी वळवायला जोर लागतो आणि तो जोर दिवसाला कित्येक रिंगांना लावायचा असतो. नुसतं सांगून होत नाही. आकडा मोठा काढून, कोनाची कमान दाखवून दिला तर साइटवर निदान भांडता येतं.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या प्रमाणात मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याच्या वर ७५०. इतक्या लोकांना इतक्या घाईत घरं द्यायची तर काहीतरी निकष लागणारच, आणि त्यावर आज खुर्चीत बसून टीका करणं सोपं आहे. तरी माप टाकणाऱ्या माणसाच्या नजरेला एक गोष्ट खटकते. जमीन कमी असली म्हणून घरातली माणसं कमी नसतात, आणि बाज सगळ्यांची सारखीच लांब असते. अडीचशे चौरस फूट म्हणजे पावणेसोळा बाय पावणेसोळाच्या जरा वर. शिवाय दाणे कुठे ठेवायचे, शेळी कुठे बांधायची, म्हातारी दुपारी कुठे टेकणार, हे चौरस फुटांत येत नाही. घर छोटं आणि गाव मात्र मोठं, जुन्या गावाच्या कित्येक पट पसरलेलं. रुंद सरळ रस्ते, रांगेने प्लॉट. जुन्या गल्लीत हाकेवर असलेलं माणूस आता चालत जाऊन भेटायचं झालं.

औसा तालुक्यातल्या अशाच एका गावात मी साहेबांबरोबर गेले होते. अडीचशेचं घर, त्याला मागे एक खोली वाढवायची होती. मालक आप्पा, सत्तरीच्या पुढचे. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. आतून दहा फूट सव्वा इंच, समोरच्या बाजूने नऊ फूट अकरा. काटकोनही पुरता नव्हता. साहेब म्हणाले, "दहा लिही दोन्हीकडे." मी सव्वा इंचासकट लिहिलं. असलेलं घर मोजताना आपण त्याला काही शिकवायला गेलेलो नसतो. आप्पांना या खोलीच्या मापात रस नव्हता. ते म्हणाले, "ती काय मोजतंव, ती सरकारनं मोजूनच दिलीय. शेड मोजा." घराच्या बाजूला पत्र्याचं शेड होतं, घराहून मोठं. किती फूट, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, "धा फुटी पत्रा, सहा पत्रे." बस. जुन्या घरात लाकडाने खण ठरवला, इथं पत्रा ठरवत होता. आम्ही आत उगीच टेप धरून मोजत होतो. शेडमध्ये म्हैस, कडबा, दाण्याच्या दोन कोठ्या, आणि एका कडेला बाज. आप्पा झोपतात तिथंच. का, ते मी विचारलं नाही. डोक्यावर पत्रा, बाजूला भिंत नाही.

नव्या खोलीचा प्लॅन काढताना अडचण आली ती एका इंचाची. जुनं घर काँक्रीट ब्लॉकच्या भिंतींवर तोललेलं, नवी खोली कॉलम-बीमची. हादरा बसला तर दोन्ही वेगवेगळी झुलणार आणि एकमेकांना धडका देणार. म्हणून मध्ये मोकळी फट ठेवायची, मानकानुसार किमान २५ मिलिमीटर. अख्ख्या नकाशातलं हे सर्वांत छोटं माप. सॉफ्टवेअरमध्ये ते टाकायलाही त्रास, कारण दोन रेघांमध्ये आकडा मावत नाही. बाहेर ओढून, बाण उलटे करून लिहावा लागतो. आणि हे इंच कुणालाच नको असतं. मालकाला वाटतं बांधणाऱ्याने अंतर चुकवलं. गवंड्याला फट दिसली की त्याचा हात शिवशिवतो, तो माल भरून ती बुजवून टाकतो, आणि दोन्ही घरं पुन्हा एकमेकांना चिकटतात.

नकाशा घेऊन गेलो तेव्हा आप्पांनी बोट तिथंच ठेवलं. "हे काय?"

मी सांगितलं, फट आहे, मुद्दाम ठेवलेली.

"पाणी जाईल की त्यात. विंचू ऱ्हातील."

वरून आणि दोन्ही कडांनी पत्र्याची पट्टी येणार, म्हटलं, सहा इंच रुंद. एकाच बाजूला स्क्रू, दुसरी बाजू मोकळी. आत थर्माकोल, माल अजिबात नाही. त्यांनी पट्टीची रुंदी हातावर मापून बघितली. मग किती गेजचा पत्रा, कुठं मिळंल, औश्याला की लातूरला, हे विचारून झालं. साहेब तोवर गाडीत जाऊन बसले होते.

"मग ते बी लिवा तिथं," आप्पा म्हणाले. "मिस्त्री आमच्याच भावकीतलं पोरगं हाय, पर लिवल्याबिगर करायचं न्हाई."